गोळीची किंमत आणि विम्याचा संकोच

आरोग्य विम्याने कोणत्या औषधाचे पैसे द्यावेत आणि कोणत्या औषधाचे देऊ नयेत, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसांनी सोडवावयाचा आहे. हप्त्यांची जमा एका बाजूस, दाव्यांचा खर्च दुसऱ्या बाजूस आणि मध्ये विमागणिताचे कोष्टक, एवढेच त्याचे स्वरूप असावे अशी आपली समजूत असते. परंतु एखादे औषध असे निघते की, ते या कोष्टकात बसवू लागताच कायदेमंडळे, न्यायालये आणि वृत्तपत्रे सारीच हिशेब बाजूला ठेवून नीतीची भाषा बोलू लागतात. ज्या विकाराला वैद्यकात लिंगशैथिल्य म्हणतात आणि व्यवहारात ज्याचे नाव घेणेच टाळले जाते, त्यावरील सिल्डेनाफिल हे औषध अशांपैकी एक आहे. गेल्या पाव शतकात अमेरिका आणि ब्रिटन या दोन देशांनी त्याच्या खर्चाचा प्रश्न कसा हाताळला, हे पाहण्याजोगे आहे. त्यातून विम्याविषयी जे कळते, ते आपल्याही उपयोगाचे आहे.

हे औषध मुळात या कामासाठी शोधलेले नव्हते. इंग्लंडमधील सँडविच येथील फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत हृदयशूळावरील औषध म्हणून त्याची चाचणी चालू होती. त्या कामी ते फारसे उपयोगी ठरले नाही, पण चाचणीत भाग घेतलेल्या पुरुषांनी त्याचा एक वेगळाच परिणाम सांगितला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला 'व्हायाग्रा' या नावाने विक्रीची परवानगी दिली. तोपर्यंत या विकारावर उपाय नव्हते असे नाही. इंद्रियात टोचावयाची इंजेक्शने होती, निर्वात पंप होते, शस्त्रक्रियेने बसवावयाची साधने होती. अमेरिकेतील अनेक विमा कंपन्या यांचा खर्च निमूटपणे देत असत आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. कारण उघड आहे. असला उपाय करून घेण्यास फार थोडे पुरुष तयार होत. वस्तूची किंमत केवळ पैशात मोजावयाची नसते, ती मिळविताना सोसाव्या लागणाऱ्या वेदना आणि लाज यांचाही तिच्यात समावेश असतो, हे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा विद्यार्थ्यांना ते पुस्तकी वाटते. येथे ते प्रत्यक्षात दिसले. वेदना गेली, लाज निम्म्यावर आली आणि मागणी एकदम उसळली.

एका गोळीची किंमत त्या वेळी १० डॉलरच्या आसपास होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कैसर पर्मनंटे या अमेरिकेतील मोठ्या आरोग्यसंस्थेने आपल्या नेहमीच्या योजनांत या औषधाचा खर्च देणार नाही असे जाहीर केले. तो दिल्यास वर्षाकाठी १० कोटी डॉलरचा बोजा पडेल, असा तिचा अंदाज होता. काही कंपन्यांनी मधला मार्ग काढला आणि महिन्याला सहाच गोळ्यांचे पैसे देण्याचे ठरविले. सहाच का, चार किंवा दहा का नाहीत, याला वैद्यकशास्त्रात उत्तर नाही. दांपत्यजीवनाचे रेशनकार्ड विमा कंपनीच्या कारकुनाने भरावे, असा हा प्रकार होता. पण त्यामागचा हेतू अगदीच हास्यास्पद होता असे मात्र म्हणता येणार नाही.

विम्याचे अर्थशास्त्र ज्यांनी पायापासून मांडले, त्या केनेथ अॅरो यांच्या १९६३ सालच्या प्रसिद्ध निबंधाचा येथे आधार घ्यावा लागतो. विमा शोभतो तो अनिश्चित, मोठ्या आणि विमेदाराच्या इच्छेवर अवलंबून नसलेल्या हानीला. घराला आग लागणे किंवा अपघातात पाय मोडणे, या गोष्टी कोणी हौसेने करीत नाही. याउलट ज्या वस्तूचा वापर किती करावयाचा हे विमेदारच ठरवितो आणि पैसे मात्र दुसरा भरतो, तिचा वापर वाढतो. त्याचा भार शेवटी सर्वांच्या हप्त्यावर पडतो. दोष कोणाच्या चारित्र्याचा नसतो, किंमत शून्य झाल्याचा हा परिणाम असतो. दुसरी अडचण अशी की, ज्यांना या औषधाची गरज आहे तेच त्याचा खर्च देणारी विमापत्रे शोधून घेतील आणि ज्यांना नाही ते स्वस्त विमापत्रांकडे वळतील. म्हणजे जी कंपनी उदार होईल तीच बुडेल. कैसरच्या नकाराला किंवा त्या सहा गोळ्यांना हा तर्क लावला, तर तो समजण्यासारखा आहे.

पण मग हाच तर्क रक्तदाबाच्या गोळीला लावून पाहावा. ती गोळीही रोजची, लहान रकमेची आणि पुढील महिन्यात लागणार हे निश्चित असलेली आहे. म्हणजे तीही शास्त्रशुद्ध अर्थाने विम्याचा विषय नव्हे. तरीही तिचा खर्च द्यावा असे आपण म्हणतो. कारण ती न घेतल्यास उद्या पक्षाघाताचा मोठा खर्च त्याच विम्यावर येऊन पडतो. तेव्हा खरी कसोटी 'हे औषध प्राण वाचविते की सुख देते' ही नाही. ज्येष्ठ नागरिकाचा गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेने त्याचा प्राण वाचत नाही. तो बागेपर्यंत चालत जाऊ शकतो, एवढेच. मोतीबिंदू काढल्याने आयुष्य वाढत नाही, वर्तमानपत्र वाचता येते. या दोहोंचे लाखो रुपयांचे दावे आपण बिनतक्रार मान्य करतो आणि ते योग्यच आहे. सुखाला विरोध नसून एका विशिष्ट सुखाला आहे, हे मान्य करावयास मात्र कोणी धजत नाही.

हा केवळ वादासाठी केलेला युक्तिवाद नाही. नेदरलँडमधील संशोधकांनी या औषधाचा खर्च आणि त्यापासून जीवनमानात पडणारी भर यांचा हिशेब जुन्या इंजेक्शनांशी तुलना करून मांडला होता. तो २००० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी आयुष्याचे एक वर्ष मिळविण्यास पहिल्या वर्षी सुमारे ३,६०० पौंड खर्च येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. ब्रिटनमधील सार्वजनिक आरोग्यसेवा ज्या उपचारांना सर्वसाधारणपणे परवडणारे समजते, त्यांची मर्यादा यानंतरच्या काळात अनेक वर्षे २० ते ३० हजार पौंडांच्या दरम्यान धरली जात होती. म्हणजे शुद्ध हिशेबाने पाहता हे औषध स्वस्तांत मोडत होते. हिशेबाने जे मंजूर होते ते संकोचाने नामंजूर झाले.

पुरुषांच्या या गोळीने स्त्रियांचा एक जुना प्रश्न मात्र अनपेक्षितपणे पुढे ढकलला. १९९८ साली अमेरिकेतील कित्येक विमायोजना स्त्रियांच्या संततिप्रतिबंधक गोळ्यांचा खर्च देत नसत. व्हायाग्राचा खर्च काही योजनांनी बाजारात आल्याच्या काही आठवड्यांतच देऊ केला, तेव्हा हा विरोधाभास झाकणे अशक्य झाले. डिसेंबर २००० मध्ये तेथील समान रोजगारसंधी आयोगाने असा निर्णय दिला की, मालकाच्या विमायोजनेत इतर प्रतिबंधक औषधांचा खर्च मिळत असताना गर्भनिरोधके वगळणे हा लिंगभेद आहे. २००१ साली सिअॅटल येथील संघराज्य न्यायालयाने बार्टेल या औषधविक्री कंपनीविरुद्धच्या खटल्यात तेच मत उचलून धरले. जपानमधील चित्र तर याहून बोलके होते. तेथे व्हायाग्राला १९९९ च्या जानेवारीत, अर्ज केल्यापासून सुमारे सहा महिन्यांत मान्यता मिळाली आणि अनेक वर्षे अडून राहिलेली स्त्रियांची कमी मात्रेची गोळी त्याच वर्षीच्या जूनमध्ये घाईघाईने मंजूर करावी लागली. कोणाची गरज तातडीची आणि कोणाची सवडीची, हे मंत्रालयांच्या फायली न बोलता सांगत असतात.

अमेरिकेतील गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत पुढे जे घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. १९९० च्या कायद्याने या योजनेत सामील होणाऱ्या राज्यांना, ज्या कंपन्या किमतीत सूट देण्याचा करार करतील त्यांची मान्यताप्राप्त औषधे देणे भाग पाडले होते. अपवादांची एक यादी त्यात होती. केस उगवण्याची, वजन घटविण्याची आणि वंध्यत्वावरील औषधे त्या यादीत होती. लिंगशैथिल्यावरील औषध तीत नव्हते. त्या वेळी असे औषधच अस्तित्वात नव्हते, एवढेच त्याचे कारण. म्हणून १९९८ च्या जुलैमध्ये संघराज्य सरकारने राज्यांना कळविले की, हा खर्च द्यावा लागेल. राज्ये कुरकुरली, पण खर्च होत राहिला. २००५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्याचे हिशेब तपासनीस अॅलन हेव्हेसी यांनी प्रसिद्ध केले की, २००० पासूनच्या काळात १९८ नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगारांना मेडिकेडच्या खर्चाने हे औषध मिळाले होते.

यानंतर जो गदारोळ झाला तो स्वाभाविकच होता. गुन्हेगारांना वगळण्याचा नियम करणे हा त्यावरील नेमका उपाय होता. परंतु त्या वर्षअखेरीस झालेल्या कायद्याने सरसकट सर्वांचाच हा खर्च मेडिकेडमधून १ जानेवारी २००६ पासून बंद केला. वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत औषधांचा नवा भाग २००६ मध्ये सुरू होत होता, त्यातूनही तो २००७ पासून वगळला. पाठीच्या कण्याला इजा झालेला मजूर, पौरुष ग्रंथीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेला वृद्ध, हे सारे त्या १९८ जणांच्या रांगेत जाऊन बसले. गंमत अशी की, याच सिल्डेनाफिलला २००५ च्या जूनमध्ये फुप्फुसांतील रोहिण्यांच्या रक्तदाबावर 'रेव्हाटिओ' या दुसऱ्या नावाने मान्यता मिळाली होती आणि त्या कामासाठी सरकार त्याचे पैसे खुशाल देत राहिले. रसायन एकच होते. फरक ते शरीराच्या कोणत्या भागासाठी घेतले, एवढाच होता.

ब्रिटनचा मार्ग वेगळा होता. तेथे विमा कंपनी नाही, करांच्या पैशावर चालणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा आहे. त्यामुळे नकार देण्याची जबाबदारी थेट मंत्र्यांवर आली. सप्टेंबर १९९८ मध्ये युरोपात औषधाला मान्यता मिळताच आरोग्यमंत्री फ्रँक डॉबसन यांनी डॉक्टरांना ते लिहून न देण्याचा सल्ला दिला. हा सल्ला बेकायदा असल्याचे पुढील वर्षी उच्च न्यायालयाने ठरविले. मग १ जुलै १९९९ पासून एक यादी करण्यात आली. मधुमेह, पार्किन्सन, पोलिओ, पौरुष ग्रंथीचा कर्करोग, कण्याची इजा, मूत्रपिंडाच्या विकारात चाललेले डायलिसिस अशी कारणे असलेल्यांना सरकारी खर्चाने औषध मिळावे आणि इतरांनी ते विकत घ्यावे, असे ठरले. सोबत खात्याची सूचना होती की, बहुतेकांना आठवड्याला एक गोळी पुरेशी व्हावी. अमेरिकेतील महिन्याच्या सहा येथे आठवड्याची एक झाली. यादीत हृदयविकार आणि रक्तदाब नव्हते, मनाचे विकारही नव्हते. एकाच वेदनेने त्रस्त असलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी ज्याला साखर आहे त्याला औषध फुकट आणि ज्याची रोहिणी चोंदली आहे त्याला ते पदरच्या पैशाने, असा हा न्याय होता. यादी करणाऱ्यांचा नाइलाज आम्ही समजू शकतो. कोठेतरी रेघ ओढावी लागते. पण ती रेघ दुःखाच्या तीव्रतेवरून ओढलेली नव्हती. खजिन्याला झेपेल इतकीच माणसे आत राहतील, अशा बेताने ती ओढली होती.

याचा पुरावा पुढे मिळाला. जून २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये या औषधाचे पेटंट संपले. इतर कंपन्या बाजारात उतरल्या आणि चार गोळ्यांच्या ज्या पाकिटाला २० पौंडांहून अधिक पडत होते, त्याची किंमत पाहता पाहता एक दशांशाच्याही खाली गेली. १ ऑगस्ट २०१४ पासून इंग्लंडमध्ये साध्या सिल्डेनाफिलवरील यादीचे बंधन उठविण्यात आले. त्या वर्षभरात इंग्रजांची नीती बदलली नव्हती, वैद्यकशास्त्रातही काही नवे निघाले नव्हते. किंमत तेवढी उतरली होती. सोळा वर्षे जो प्रश्न 'हा आजार आहे की चैन' असा विचारला जात होता, तो वास्तविक 'एका गोळीला किती पडतात' असा होता. २०१८ पासून तर तेथे औषधविक्रेत्याने काही प्रश्न विचारून ते चिठ्ठीशिवाय देण्याची सोय झाली.

आता आपल्याकडे वळावयाचे तर, गोळी महाग असण्याचा टप्पा आपण जवळजवळ पाहिलाच नाही. १९७० च्या पेटंट कायद्यान्वये औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी मिळत नसल्यामुळे २००१ सालापासून भारतीय कंपन्यांनी सिल्डेनाफिल स्वतः बनवून अगदी थोड्या दरात विकावयास सुरुवात केली. फायझरची मूळ गोळी येथे २००५ च्या अखेरीस आली, तोपर्यंत बाजार भरून गेला होता. आज एका गोळीला चहा-नाश्त्याच्या बिलाइतके पैसे पडतात. तेव्हा आमच्या विमापत्रात या गोळीचा खर्च नाही, ही तक्रार करण्यात फारसे हशील नाही. इतक्या लहान रकमेचा दावा दाखल करणे, तपासणे आणि चुकता करणे यालाच गोळीपेक्षा अधिक खर्च येईल.

परंतु येथेच खरे दुखणे सुरू होते. आपला आरोग्य विमा हा रुग्णालयात दाखल होण्याचा विमा आहे. १९८६ साली सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणले, तेव्हापासून दाखल होऊन चोवीस तास काढल्याविना, काही ठराविक अपवाद सोडता, पैसे मिळत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचाही भर रुग्णालयातील उपचारांवरच आहे. राज्य कामगार विम्यासारखी बाह्यरुग्णालाही औषध देणारी व्यवस्था फक्त ठराविक वेतनमर्यादेतील कामगारांपुरती आहे. शाळेतील शिक्षक, बँकेतील वा जिल्हा परिषदेतील कारकून आपल्या प्रकृतीविषयी डॉक्टरांचा सल्ला घेण्यास गेला, तर ती फी आणि रक्ततपासणी बहुधा त्याच्या खिशातूनच जाते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या पदरचा केला. आठ वर्षांपूर्वी हे प्रमाण ६४ टक्के होते हे खरे. सुधारणा आहे, पण राहिलेला भाग मुख्यतः औषधांचा आणि दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा आहे.

लिंगशैथिल्य हा बऱ्याचदा स्वतंत्र रोग नसतो, दुसऱ्या रोगाचे ते पहिले लक्षण असते. त्या भागातील रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांहून बारीक असल्यामुळे त्या आधी चोंदतात आणि हृदयविकाराची सूचना काही वर्षे आधी मिळू शकते. मधुमेहींमध्ये या विकाराचे प्रमाण बरेच अधिक असते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे दिसून आले आहे. त्यांतील कितीतरी जणांना आपल्याला मधुमेह आहे याचाच पत्ता नसतो. असा चाळिशी-पन्नाशीतील गृहस्थ डॉक्टरांकडे गेला, तर त्याची साखर, रक्तदाब आणि हृदय तपासले जाईल. तो जातो मात्र दुसऱ्या गल्लीतील औषधांच्या दुकानात, ओळखीचे कोणी नाही असे पाहून. कायद्याने चिठ्ठीविना न द्यावयाची गोळी त्याला कागदात गुंडाळून मिळते. हृदयशूळासाठी जिभेखाली ठेवावयाच्या नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब एकाएकी घसरून प्राणावर बेतू शकते, हे त्याला कोणी सांगत नाही. काही जण याहीपेक्षा वाईट वाट धरतात. औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याने अशा उपचारांच्या जाहिरातींना बंदी आहे. तरी रेल्वेरुळांकडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग' हा शब्द कोणत्याही सुभाषितापेक्षा अधिक वेळा रंगविलेला आढळतो. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून या विषयांवर उघडपणे लिहावयास १९२७ मध्ये सुरुवात केली, त्याला आता शतक होत आले.

म्हणून आपल्या विम्याकडे मागावयाचे ते गोळीचे पैसे नव्हेत. मागावयाची ती डॉक्टरांच्या खोलीत शिरण्याची फी. सल्ला आणि तपासणी यांना अॅरोंची कसोटी पुन्हा लावून पाहावी. रक्त काढून घेण्याची चैन कोणी महिन्यातून सहा वेळा करीत नाही, त्यामुळे अतिवापराची भीती नाही. आणि वेळीच सापडलेला मधुमेह पुढे त्याच कंपनीचा अतिदक्षता विभागाचा दावा वाचवितो. रेघ ओढणारा कायदा कधी हलतच नाही असेही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देणे कंपन्यांना बंधनकारक केले. त्याआधी मनोविकार हा वगळलेल्या आजारांच्या यादीत मुकाट्याने पडून असे.

शिक्षकांच्या, बँक कर्मचाऱ्यांच्या आणि निमसरकारी नोकरांच्या अनेक संघटना आता आपल्या सभासदांसाठी गटविमा घेतात. त्याच्या नूतनीकरणाच्या वेळी चर्चा होते ती विम्याची रक्कम तीन लाख असावी की पाच लाख, एवढ्यावरच. याच वाटाघाटीत चाळिशीपुढील सभासदांसाठी वर्षातून ठराविक वेळा बाह्यरुग्ण सल्ला, साखर व रक्तदाबाची तपासणी आणि गरज पडल्यास हृदयाचा आलेख, एवढे कलम मागता येईल. गटाची संख्या मोठी असल्याने फक्त आजारीच लोक विमा घेतील ही भीती तेथे राहत नाही, आणि माणशी हप्त्यात पडणारी भर थोडीच असेल. सल्ल्याला येण्याचे कारण मात्र अर्जात लिहावयास लावू नये. दावा मंजुरीसाठी कार्यालयातून जाणार असेल आणि शेजारच्या टेबलावरील सहकारी तो वाचणार असेल, तर हे कलम विमापत्रात छापलेले राहील आणि सभासद पुन्हा दुसऱ्या गल्लीतील दुकानातच जाईल.